गवत्या की नागाचं पिल्लू? डोंगरातला हिरवा साप ओळखायला शिका



आजचा सल्ला खताचा नाही, फवारणीचाही नाही. आज सापाबद्दल लिहितो आहे. मेसेज लांब आहे. आत्ता डवरणी किंवा निंदण चालू असेल तर फक्त शेवटचे ‘लक्षात ठेवा’ मुद्दे वाचा आणि बाकीचं संध्याकाळी जेवण झाल्यावर वाचा. घरातल्या पोरांना आणि शेतावरच्या मजुरांनाही वाचून दाखवा.

*हा मेसेज कशासाठी?*

मागच्या आठवड्यात टेकडीच्या बाजूला शेत असलेल्या एका सभासद भाऊंनी ग्रुपवर फोटो टाकला. सोयाबीनच्या धुऱ्यावर मेलेलं, वीतभर लांबीचं सापाचं पिल्लू. मानेवर काळी खूण. खाली लिहिलं होतं, ‘नागाचं पिल्लू व्हतं, फणा काढला, म्हून मारलं.’ मीही घाईत उत्तर दिलं, ‘हो, नागाचंच दिसतं, सांभाळून राहा.’

दोन दिवसांनी तोच फोटो एका अनुभवी सर्पमित्राला दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला, मानेवरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा नाग नाही, गवत्या आहे.’ म्हणजे माझं उत्तर चुकलं होतं. मी लगेच ग्रुपवर तसं कळवलं.

त्यावर एका तरुण सभासदाने लिहिलं, ‘हिरवा असला का गवत्याच राहते, काही करत नाही. मी तर हातानं उचलून फेकतो.’ खाली आठ-दहा जणांचे अंगठे आले. खरं सांगतो, माझ्या चुकीपेक्षा मला या मेसेजची जास्त भीती वाटली. माझ्या चुकीने साप बदनाम झाला. या समजुतीने एखाद्याच्या घरातला माणूस जाऊ शकतो. म्हणून एका ओळीच्या दुरुस्तीवर न थांबता सगळं नीट लिहितो आहे.

*आधी नावाचा घोळ*

आपल्याकडे गवतात दिसला की कोणत्याही सापाला ‘गवत्या’ म्हणतात. कोणी नानेटीला गवत्या म्हणतं, कोणी हरणटोळाला, कोणी धामणीच्या पिल्लाला. पण सापांच्या पुस्तकात ‘गवत्या’ नावाचा एक ठराविक साप आहे. हिरवा, जाडसर अंगाचा, खरखरीत खवल्यांचा. आज त्याच्याबद्दलच बोलतो आहोत.

फोनवर ‘ग्रास स्नेक’ असं शोधलं तर बहुतेक वेळा युरोपातल्या सापाचे फोटो येतात. तो साप राखाडी किंवा शेवाळी रंगाचा, मानेवर पिवळा पट्टा असलेला. तो आपल्याकडे नाहीच. त्यामुळे त्या फोटोशी आपल्या शेतातला साप जुळवत बसू नका. आपल्या गवत्याला इंग्रजीत ‘ग्रीन कीलबॅक’ म्हणतात. ‘कील’ म्हणजे खवल्याच्या मधोमध असलेली उभी धार. पाण्याजवळचा धोंड्या (दिवड) आणि अंगावर पट्टे असलेली नानेटी हे त्याचे भाऊबंद. त्यांच्याही खवल्यांवर अशी धार असते.

*मोठा गवत्या कसा दिसतो?*

१) रंग: पाठ ओल्या गवतासारखी हिरवी. काहींच्या अंगावर बारीक काळे ठिपके किंवा आडव्या तुटक रेघा असतात. पोट पांढरट, पिवळसर किंवा राखाडी.

२) लांबी: साधारण दीड ते दोन फूट. क्वचित तीन फुटांच्या आसपास.

३) अंग: लांबीच्या मानाने जाड. शेपटी आखूड. हरणटोळासारखा दोरीसारखा बारीक नसतो.

४) खवले: धारदार, म्हणून अंगाला चमक कमी. लांबून पाहिलं तरी खरखरीत वाटतो.

५) डोकं: रुंदट, डोळे मोठे, बाहुली गोल. डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे एक काळी तिरपी रेघ असते.

६) चाल: जमिनीवरचा साप आहे. झाडावर लटकलेला सहसा दिसत नाही. स्वभाव शांत, सहसा चावायला धावत नाही.

*पिल्लू वेगळं दिसतं, गडबड इथेच होते*

गवत्याच्या पिल्लाच्या मानेवर ठळक काळी खूण असते. तिचा आकार उलट्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, म्हणजे घराच्या उतरत्या छपरासारखा. टोक डोक्याकडे आणि दोन्ही बाजू मागे उतरत्या. या खुणेला लागून गडद पिवळा, कधी नारिंगीकडे झुकणारा रंग असतो. साप मोठा होत जातो तशी ही खूण फिकट होते आणि पूर्ण वाढलेल्या सापात बहुधा दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट. गवत्याला डिवचलं, अडवलं, की तो अंगाचा पुढचा भाग थोडा वर उचलतो आणि मान चपटी करतो. मान पसरली की ती काळी-पिवळी खूण आणखी उठून दिसते. धुऱ्यावर उभ्या माणसाला वाटतं, फणा काढला. फणा म्हणजे नाग, आणि नाग म्हणजे काठी. गवत्या बिचारा नागाचं सोंग घेऊन स्वतःला वाचवायला जातो आणि त्या सोंगापायीच मारला जातो.

*मग नागाचं पिल्लू कसं असतं?*

• नागाचं पिल्लू गवतासारखं हिरवं कधीच नसतं. तपकिरी, काळपट, राखाडी किंवा गव्हाळ असतं.

• त्याचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत असतात.

• फणा बाजूंनी रुंद पसरतो. फण्याच्या मागे बऱ्याचदा चष्म्यासारखी किंवा गोल खूण असते. पण काही नागांत ही खूण पुसट असते किंवा नसतेच. म्हणून ‘चष्मा नाही म्हणजे नाग नाही’ असं समजू नका.

• अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते साधारण वीतभर किंवा थोडं जास्त असतं आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतं. ‘पिल्लू आहे, काय करणार’ हे म्हणणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. मेलेल्या सापाच्या रंगावर जाऊ नका. या सापाचं शास्त्रीय नाव ‘प्लंबिकलर’, त्याचा अर्थ शिशाच्या रंगाचा. हिरव्या सापाला शिशाचं नाव, हे ऐकून नवल वाटेल. पण हिरवा साप मेल्यावर आणि विशेषतः स्पिरिटच्या बाटलीत ठेवल्यावर त्याचा हिरवा रंग टिकत नाही, निळसर-राखाडी होत जातो. आपल्या ग्रुपवरच्या फोटोतही पिल्लू मळकं राखाडी दिसत होतं, अंगाला चिखल लागलेला होता आणि उन्हात पडून ते सुकलं होतं. मी रंग पाहिला, मानेवरच्या खुणेचा आकार पाहिला नाही. माझी चूक तिथे झाली.

*हिरवा दिसला म्हणजे गवत्या, असंही नाही*

महाराष्ट्रात हिरवे साप तीन प्रकारचे लक्षात ठेवा.

_हरणटोळ:_ पोपटी, दोरीसारखा बारीक आणि लांब. तोंड पुढे टोकदार. झुडपावर, वेलीवर असतो. याचं विष सौम्य, माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. टाळूवर चोच मारतो, डोळे फोडतो, या सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत.

_चापडा:_ हिरवा, पण डोकं त्रिकोणी आणि मान एकदम बारीक. बांबूच्या बेटात, झुडपाच्या फांदीवर, ओढ्याकाठी वेटोळं करून पडून राहतो. हा विषारी आहे. सह्याद्रीत तो आहे, सातपुड्यातही आहे. चावल्यावर जोरात सूज आणि वेदना होतात. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन चापड्याच्या विषापासून बनवलेलं नाही, म्हणून याच्या बाबतीत जास्तच जपून राहा.

_गवत्या:_ वर सांगितलेला, जमिनीवरचा, जाडसर, खरखरीत.

म्हणजे ‘हिरवा असला का हाताने उचलायचा’ हा हिशोब चापड्याजवळ चुकतो. मेळघाटात देवदर्शनाला किंवा नातेवाईकांकडे जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

*गवत्या राहतो कुठे?*

हा मुळात डोंगरी गवताचा साप आहे. भरपूर पाऊस, ओल, उंच गवत आणि भेक जिथे, तिथे हा. सह्याद्रीत महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा-खंडाळा या भागात पावसाळ्यात तो दिसतो. पावसात घाटरस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली मरतो. खाली गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या डोंगरांत आहे. समुद्रापलीकडे श्रीलंकेतही आहे.

पण तो फक्त सह्याद्रीचा नाही. थिओडोर कँटर या डॉक्टराने १८३९ मध्ये या सापाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते मध्य भारतातल्या माळव्याच्या नमुन्यावरून. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडेही तो पूर्वीपासून आहे. विदर्भात मेळघाटच्या डोंगरात त्याची नोंद आहे.

आता आपल्या तालुक्याचं पाहू. बाभुळगावचा बराचसा भाग सपाट, काळ्या जमिनीचा, बेंबळेच्या काठचा, कापूस-सोयाबीन-तुरीचा. यवतमाळच्या बाजूला जमीन चढत जाते, टेकड्या आणि गवताचे माळ लागतात. गवत्याला मानवणारी जागा अशी: टेकडीचा पायथा, नाल्याकाठचं गवत, पडीक माळ. खालच्या काळ्या रानात, विहिरीजवळ, गोठ्यात, कुटाराच्या ढिगात त्याची जागा नाही. तिथे दिसणारे साप म्हणजे धामण, धोंड्या, नानेटी, नाग, मण्यार, घोणस.

याचा उपयोग असा: गोठ्यात किंवा घराजवळ फणा काढलेलं पिल्लू दिसलं तर ते नागाचंच धरून चला. टेकडीच्या गवतात हिरवं, मानेवर छपरासारखी काळी-पिवळी खूण असलेलं पिल्लू दिसलं तर ते गवत्याचं असण्याची शक्यता मोठी. रूप आणि जागा दोन्ही जुळली तर अंदाज बरोबर येतो. एकच जुळलं तर शंका ठेवा. आणि शंका असेल तेव्हा विषारीच समजा.

*तो खातो काय? आणि हात का लावायचा नाही?*

गवत्याचं मुख्य खाणं म्हणजे भेक. अंगावर चामखिळीसारखे फोड असलेला, खडबडीत, कोरड्या जागीही दिसणारा बेडूक तो भेक. त्याच्या डोळ्यामागच्या ग्रंथींत विष असतं. कुत्र्याने भेक तोंडात धरला की त्याच्या तोंडाला फेस येतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. गवत्याला ते विष बाधत नाही.

इथे प्रामाणिकपणे सांगतो: गवत्या उंदीर खाऊन तुमचं धान्य वाचवत नाही. ते काम धामणीचं. ‘सगळे साप शेतकऱ्याचे मित्र’ असं आपण सरसकट लिहितो, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. गवत्या जिथे आहे तिथे ओल आहे, गवत आहे, भेक आहेत, म्हणजे ते रान जिवंत आहे, एवढं नक्की. त्याने आपलं काही बिघडवलेलं नाही, हे त्याला सोडून द्यायला पुरेसं आहे.

गवत्याची बहुतेक पुस्तकांत बिनविषारी म्हणून नोंद आहे. तरी हात लावू नका. कारण असं: त्याच्या वरच्या जबड्यात मागचे दात मोठे असतात. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावाचा, ‘मॅक्रोपिस्थोडॉन’चा, अर्थच मागचे मोठे दात असा आहे. अलीकडे डीएनए तपासून त्याला ‘ऱ्हॅबडोफिस’ या गटात घेतलं आहे. याच गटातला जपानचा एक साप, यामाकागाशी, अनेक वर्षं बिनविषारी समजला जात होता. त्याच्या चाव्याने माणसं दगावली तेव्हा तिथल्या लोकांची समजूत बदलली. तो जपानी साप खाल्लेल्या भेकाचं विष मानेच्या कातडीखालच्या ग्रंथींत साठवून ठेवतो, हे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. आपल्या गवत्याच्या मानेतही अशा ग्रंथी आहेत. म्हणजे घाबरायचं नाही, पण खेळायचंही नाही. रीलसाठी तर अजिबात नाही.

*शेतात करायचं काय?*

१) साप दिसला की थांबा. दोन-तीन पावलं मागे या. त्याला जायला वाट द्या. बहुतेक साप स्वतःच निघून जातात. सर्पदंशाच्या कितीतरी घटना साप मारायला किंवा पकडायला गेल्यावरच घडतात.

२) निंदणाला, गवत कापायला जाताना बूट घाला. विळा चालवण्याआधी काठीने गवत हलवा. मजूर बायांनाही बूट द्या. त्यांचे पाय आपल्या पायांपेक्षा कमी मोलाचे नाहीत.

३) पऱ्हाट्या, तुराट्या, कुटार यांचे ढीग घराला लागून ठेवू नका. ढिगात थेट हात घालू नका.

४) रात्री ओलिताला किंवा जागलीला जाताना बॅटरी हवीच. मोबाईलचा उजेड पुरत नाही. खोपडीत जमिनीवर झोपू नका. खाट आणि मच्छरदाणी वापरा, मच्छरदाणीच्या कडा खाली खोचून घ्या. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा झोपेत कळतही नाही.

५) घरात किंवा गोठ्यात साप निघाला तर एकाने लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, तेही लक्षात असू द्या.

*आणि चावलाच तर?*

तेव्हा हा सगळा ओळखीचा धडा बाजूला ठेवा. साप कोणता होता यावर वेळ घालवू नका. ‘गवत्याच होता, सकाळी पाहू’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आपल्यासारखीच.

• माणसाला धीर द्या, झोपवा, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू नये म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी-काठी सैल बांधा.

• अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ, गंडा लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत.

• आवळून दोरी बांधू नका. चिरा देऊ नका. तोंडाने विष ओढू नका. जडीबुटी, मंत्र, कोंबड्या लावणं यात वेळ घालवू नका.

• १०८ ला फोन करा. गाडी लवकर मिळत नसेल तर जी मिळेल त्या वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरज पडली तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील.

• चावल्याची वेळ लिहून ठेवा. पापण्या जड होणं, गिळता न येणं, हिरड्यांतून रक्त येणं, उलट्या, असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

• साप मारून, पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त तपासून ठरवतात. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त २० मिनिटांत गोठतं का, हे पाहिलं की घोणस-फुरशाच्या विषाचा अंदाज येतो. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालतं, म्हणून साप ओळखू आला नाही तरी उपचार अडत नाही.

*लक्षात ठेवा*

१) हिरवा, जाडसर, खरखरीत, जमिनीवरचा, पिल्लू असेल तर मानेवर छपरासारखी काळी-पिवळी खूण: हा गवत्या.

२) गवत्या मान चपटी करतो. मान पसरणारा प्रत्येक साप नाग नसतो.

३) प्रत्येक हिरवा साप गवत्या नसतो. चापडा विषारी आहे.

४) शंका असेल तर विषारी समजा आणि लांब राहा.

५) ओळख पटली तरी हात लावू नका, मारूही नका.

६) चावला तर ओळख नको, दवाखाना हवा.

यापुढे ग्रुपवर सापाचा फोटो टाकायचा असेल तर जिवंत सापाचा, लांबून, झूम करून काढलेला टाका. जवळ जाऊन काढू नका. सोबत जागा लिहा: टेकडीचं गवत, नाला, गोठा, विहीर, जिथे दिसला ते. मी सर्पमित्राला विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही. उशीर झाला तरी चालेल, चुकीचं उत्तर पुन्हा जायला नको.

ज्या भाऊंनी पहिला फोटो टाकला त्यांना दोष नाही. त्यांची लेकरं जवळच खेळत होती आणि ते घाबरले. त्यांच्या जागी मी असतो तरी घाबरलो असतो. त्यांनी फोटो टाकला म्हणून आज आपण सगळे चार गोष्टी शिकलो, त्याबद्दल त्यांचे आभार.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, बाभुळगाव